विमानातील वाटसरूचा पेहराव आणि पडशी

प्रवासाचे सुख घरून बांधून न्यावे लागते, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे आणि ती खोटी नव्हती. बैलगाडीने पंढरपूरला जावयाचे असो, की आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाने काशीला. लोखंडी ट्रंक, सतरंजीत गुंडाळलेली वळकटी, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा एवढे बरोबर असले म्हणजे माणूस निर्धास्त होई. वाटेत जे काही सोसावे लागे, त्यावरचा उतारा सामानात असे. थंडी पडली की वळकटी सोडावी, भूक लागली की डबा उघडावा. अंगावरचे कपडे धुराने आणि धुळीने मळावयाचेच, तेव्हा ते जुनेपाने असले तरी चालत. विमानाने या समजुतीला मोठा धक्का दिला. तेथे उतारूची पेटी त्याच्यापासून तोडून कोठारात टाकली जाते आणि मुक्काम येईपर्यंत तिचे दर्शन नाही. वाटेत उपयोगी पडावयाचे ते अंगावर असले पाहिजे, नाही तर हाताशी. सुख सामानातून निघून अंगावर आले. हे स्थित्यंतर सुमारे शंभर वर्षांत कसे घडत गेले, ते आज आपणांस पाहावयाचे आहे.

कपडे आणि पेट्या यांचा इतिहास तो काय सांगावयाचा, असे कोणी म्हणेल. पण लढायांचे नि तहांचे वृत्तांत वाचताना जी गोष्ट हाती लागत नाही, ती कित्येकदा अशा क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंतच सापडते. ओझे कोणी वाहावयाचे, त्याचे मोल कशावरून ठरवावयाचे आणि संकटसमयी त्यातले काय सोडावयाचे, हे प्रश्न राजकारणात जितके खरे, तितकेच ते प्रवाशाच्या पेटीतही खरे आहेत.

विमानाचा पहिला नियम वजनाचा. आपल्या देशात तर विमानाने आधी पत्रे वाहिली आणि माणसे मागाहून. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादेहून यमुनेपलीकडील नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली. ही जगातील पहिली अधिकृत विमानटपाल होय. कागद हलका आणि तक्रार न करणारा, म्हणून त्याला पहिला मान मिळाला. माणसाची नियमित वाहतूक सुरू झाली ती १ जानेवारी १९१४ रोजी, अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात, सेंट पीटर्सबर्ग आणि टँपा या गावांमधील खाडीवरून. टोनी जॅनस हा वैमानिक, पाण्यावर उतरणारे उघडे विमान, शेजारी बसण्यास एकच उतारू आणि २३ मिनिटांचा प्रवास. पहिल्या फेरीची जागा लिलावात काढली, तेव्हा गावचे माजी नगराध्यक्ष एब्रम फाइल यांनी ४०० डॉलर मोजून ती घेतली. पुढे भाडे पाच डॉलर ठरले. मात्र त्या भाड्यात माणूस व त्याची पिशवी मिळून २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो, एवढेच वजन बसत असे. त्यावर जो भार होईल त्याला दर शंभर पौंडांस आणखी पाच डॉलर. हा उपक्रम चारेक महिनेच चालला, पण त्याने घालून दिलेली चाल आजतागायत टिकली आहे. विमानाच्या पहिल्याच तिकिटाबरोबर तराजू आला.

पहिल्या महायुद्धानंतर युरोपात विमानसेवा सुरू झाल्या. २५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडन आणि पॅरिस या दोन राजधान्यांमध्ये रोजची सेवा निघाली. वापरावयास मिळाली ती विमाने युद्धातली. बाँब ठेवण्याच्या जागेच्या आसपास माणसाला बसविण्याची कशीबशी सोय केलेली. वारा आत शिरे, तेलाचे शिंतोडे उडत आणि यंत्राच्या आवाजात शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नसे. अशा वेळी उतारूचा पेहराव वैमानिकासारखाच असावा लागे. कातड्याचा लांब कोट, कान झाकणारी टोपी, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, कानांत कापसाचे बोळे. हा सरंजाम कोणाच्या घरी असणार? म्हणून कित्येक ठिकाणी विमानकंपनीच उतारूला तो भाड्याच्या पोटी वापरावयास देई, वर मांडीवर धरावयास गरम पाण्याची रबरी पिशवी. म्हणजे विमानप्रवासातला पहिला सुखकर पेहराव उतारूचा स्वतःचा नव्हताच. उतरताना तो परत करावयाचा असे.

पुढे बंद डब्यासारखी विमाने आली, तरी तराजू सुटला नाही. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर पेटीबरोबर खुद्द उतारूलाही काट्यावर उभे राहावे लागे. त्या काळच्या कितीतरी विमानांत वेताच्या खुर्च्या असत, त्याही हौसेखातर नव्हेत, वजनाखातर. जेथे खुर्चीचे लाकूडसुद्धा जड ठरले, तेथे प्रवाशाच्या लोखंडी ट्रंकेची काय कथा! पेट्यांच्या कारखानदारांनी ही गोष्ट ओळखली. अमीलिया इअरहार्ट या विख्यात वैमानिक महिलेच्या नावाने अमेरिकेत १९३३ च्या सुमारास विमानप्रवासासाठी खास हलक्या पेट्या विकावयास निघाल्या. पेटीचा गुण भक्कमपणावरून हलकेपणावर आला तो येथे.

आपल्या देशाशी या कथेचा संबंध जडतो १९२९ साली. त्या वर्षीच्या ३० मार्चला इम्पीरियल एअरवेजने लंडनहून कराचीची सेवा सुरू केली. सात दिवसांचा प्रवास आणि भाडे १३० पौंड. क्रॉयडनहून स्वित्झर्लंडमधील बाझेलपर्यंत विमान, तेथून जिनोआपर्यंत आगगाडी, पुढे भूमध्य समुद्रावरून पाण्यावर उतरणारे विमान, मग इजिप्तमध्ये पुन्हा आगगाडी, आणि अखेर इराकच्या वाळवंटावरून व इराणी आखाताच्या काठाने कराची. एकाच आठवड्यात लंडनची ओली थंडी आणि अरबस्तानची होरपळ. बोटीने येणाऱ्या साहेबाला हवामान हळूहळू बदलत गेलेले मिळे. एडन आले की पेटीतून पांढरे सुती कपडे काढावयास त्याला सवड असे. विमानाच्या उतारूला ती सवड नव्हती आणि एवढ्या कपड्यांचे वजनही परवडणारे नव्हते. त्यातच ही विमाने फार उंच जात नसत. तापलेल्या वाळूवरील हवेच्या उसळ्यांत ती वरखाली आपटत आणि कागदी पिशवी ही प्रत्येक आसनाची गरज होऊन बसली. तेव्हा एकावर एक घालता येतील आणि एकेक करून उतरवता येतील असे पातळ थर, हीच शहाणपणाची रीत. आज विमानप्रवासाला निघणाऱ्यास जाणते लोक जो उपदेश करतात, तो या मार्गावरच्या उतारूंना वाळवंटाने शिकविला होता.

त्याच वर्षी, १२ ऑक्टोबर १९२९ रोजी, पोलंडमधील वॉर्सा येथे विमानवाहतुकीसंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. सोपविलेले सामान हरवले वा नासले, तर भरपाई किती, हा त्यातला एक प्रश्न होता. कराराने उत्तर दिले : दर किलोला जास्तीत जास्त २५० फ्रँक. आधी मूल्य जाहीर करून जादा आकार भरला असेल तर गोष्ट निराळी. एरव्ही पेटीत पैठणी असो की गोधडी, कायद्याच्या दृष्टीने दोहोंचा भाव एकच. आजोबांचे हस्तलिखित दोनशे ग्रॅम भरले, तर त्याची किंमत पन्नास फ्रँक. पुढे १९९९ च्या माँट्रियल कराराने किलोऐवजी उतारूगणिक मर्यादा घातली. तरी तत्त्व कायम राहिले. ज्याची भरपाई पैशाने होणार नाही, ती वस्तू पेटीत घालून सोपवू नये, हा धडा कायद्यानेच दिलेला आहे.

आपल्या मुलखातील पहिली घरची विमानसेवाही पत्रांचीच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू मैदानावर टपाल घेऊन उतरले आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते पुढे मद्रासेकडे नेले. पावसाळ्यात जुहूचा चिखल झाला, की या सेवेचे सारे बिऱ्हाड पुण्यास हलवावे लागे. विमानालाही आपल्या पावसापुढे कपडे सावरून चालावे लागत होते, असे म्हणावयास हरकत नाही.

यानंतरचा मोठा फेरफार उतारूने केला नाही, विमानाने केला. उंच गेले म्हणजे वादळे नि उसळ्या खाली राहतात, हे कळत होते. पण वर हवा विरळ आणि थंडी प्राणघातक. वीस हजार फुटांवर उष्णमान शून्याखाली सुमारे २५ अंश असते. १९४० साली बोइंग कंपनीचे स्ट्रॅटोलायनर हे आतील हवेचा दाब राखणारे उतारू-विमान सेवेत आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही सोय सर्वत्र पसरली. ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ३५ उतारूंना घेऊन मुंबईहून कैरो, जिनीव्हा मार्गे लंडनला गेले, ते याच जातीचे. कातडी कोट आता उतारूच्या अंगावरून निघाला आणि विमानाने स्वतःच तो पांघरला. आत बसणारा माणूस दिवाणखान्यात बसावे तसा बसू लागला, आणि भाडे भारी असल्यामुळे येणारे लोकही तसेच असत. सूट, नेकटाय, हॅट. स्त्रियांच्या अंगावर ठेवणीतल्या साड्या. विमानप्रवास म्हणजे नटून जाण्याचा प्रसंग, ही कल्पना या काळातली आहे.

पण विमानाने पांघरलेला हा कोट पुरता बंद नसतो, हे विसरून चालणार नाही. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर असले, तरी आतील हवा समुद्रकाठासारखी दाट ठेवीत नाहीत. तसे केल्यास विमानाची भिंत फार जाड व जड करावी लागेल. पुन्हा तेच, वजन! म्हणून आतील दाब सुमारे आठ हजार फुटांच्या उंचीइतका उतरू देण्याची मुभा असते. आपले कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. याचा अर्थ असा, की विमानात चहा घेत बसलेला मनुष्य जवळजवळ दीड कळसूबाई चढून बसलेला असतो. या दाबाला कोंडलेली हवा सुमारे एक-तृतीयांशाने फुगते, मग ती पोटातली असो की बरणीतली. कमरेची नाडी किंवा पट्टा तासाभराने काचू लागतो तो यामुळे. फाउंटनपेनने कित्येकांचे सदरे निळे केले, त्याचेही कारण हेच. पेन अर्धे भरलेले असले म्हणजे आतील हवा पसरते आणि शाई बाहेर ढकलते. म्हणून जाणते लोक ते काठोकाठ भरीत किंवा पार रिकामे करीत. काठोकाठ तेल घातलेली लोणच्याची बरणी विमानात का पाझरते, हे गृहिणींना यावरून कळेल. शिवाय ही हवा फार कोरडी असते. ओठ सुकतात, घसा खरखरतो. आपले धोतर, सलवार किंवा सैलशी नेसलेली साडी या प्रवासाला तंग पाटलोणीपेक्षा अधिक मानवते, याचे कारण त्या पोटाला फुगावयास जागा देतात हेच होय. पदर तर प्रसंगी पांघरुणाचेही काम करतो.

१९५२ साली अटलांटिकवरून ‘टूरिस्ट’ वर्ग सुरू झाला आणि मध्यमवर्ग विमानात शिरला. पहिल्या वर्गाला ३० किलो सामान फुकट, या नव्या वर्गाला २०. आपल्याकडून शिक्षणासाठी विलायतेस वा अमेरिकेस जाणाऱ्या मुलांना हे २० किलो फार अपुरे पडत. साठाच्या दशकात परदेशी चलनाची टंचाई अशी, की खिशात आठ डॉलर घेऊन निघावयाचे. तेथे काही विकत घेण्याची आशा नाही. मग मसाले, पुस्तके, भांडी, लोकरी कपडे सारे घरूनच. पण तिकिटाच्या नियमांत एक फट होती. ओव्हरकोट, छत्री किंवा काठी, वाचावयाची पुस्तके, लहान कॅमेरा, बाईमाणसाची हातपिशवी आणि तान्ह्या मुलाचे खाणे यांचे वजन धरीत नसत. परिणाम असा, की मे महिन्याच्या उकाड्यात सांताक्रूझला घामाघूम मुले जाड ओव्हरकोट घालून उभी राहत, आणि त्या कोटाचे खिसे पुस्तकांनी तट्ट भरलेले असत. गळ्यात हार, हातात नारळ आणि अंगावर लंडनच्या जानेवारीचा कोट! आज हे हसण्यासारखे दिसते. पण ज्या घरांनी दागिने मोडून तिकीट काढले होते, त्यांना एकेक किलो मोलाचा होता. पेहराव सुखासाठी करावयाचा की तराजूसाठी, हा झगडा त्या कोटात स्पष्ट दिसतो. थोडी मदत रसायनशास्त्राने केली. नायलॉन आणि टेरिलीन हे धागे निघाले. रात्री न्हाणीघरात धुवावा आणि सकाळी इस्त्रीवाचून घालावा असा सदरा मिळू लागला. सहा सदऱ्यांचे काम दोहोंवर आले.

१९५८ पासून बोइंग ७०७ जातीच्या जेट विमानांनी अंतर निम्म्यावर आणले. १९६० साली एअर-इंडियाचे असे विमान न्यूयॉर्कला पोचले. १९७० साली त्याहून प्रचंड ७४७ आले आणि विमानाची बस झाली. थांबे कमी झाले, त्यामुळे पाय मोकळे करण्याचे प्रसंगही कमी झाले. येथे एक जुनी गोष्ट आठवते. १९४० साली लंडनवर जर्मनांचे बाँब पडत असता लोक रात्रभर आश्रयस्थानांत खुर्च्यांवर बसून काढीत. त्यांतले काही अकस्मात मरू लागले. डॉ. कीथ सिम्प्सन यांनी दाखवून दिले, की पाय लोंबकळत ठेवून दीर्घकाळ बसल्याने पायाच्या खोल शिरांत रक्त गोठते आणि ती गाठ फुप्फुसात जाते. १९५४ साली अमेरिकेतील डॉ. जॉन होमन्स यांनी हाच धोका विमानात बसणाऱ्यांनाही आहे असे सांगितले, आणि १९७७ साली या विकाराला ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ असे नाव पडले. धोका क्वचितचा आहे. पण लांबच्या प्रवासात घट्ट बसणारे वैद्यकीय पायमोजे वापरले असता या गाठी कमी होतात, असे पुढील प्रयोगांत दिसून आले. ज्यांना पूर्वी असा त्रास झाला आहे त्यांनी डॉक्टरला विचारूनच निघावे. इतरांनी तासा-दोन तासांनी उठावे, घोटे हलवावेत आणि जोडा सैल ठेवावा, कारण पाय सुजल्यावर तो पुन्हा चढत नाही.

आता सामानाकडे वळू. चाक ही मानवाची फार जुनी विद्या. पण पेटीला चाके लागावयास विसावे शतक सरत आले! बर्नार्ड सॅडो या अमेरिकन गृहस्थाला १९७० साली ती कल्पना सुचली आणि १९७२ साली तिचे पेटंट मिळाले. आडव्या पेटीला चार चाके आणि ओढावयास पट्टा. दुकानदारांनी आधी ती नाकारली. १९८७ च्या सुमारास रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने पेटी उभी केली, दोन चाके व लांब होणारी मूठ बसविली. तीच आज घरोघर आहे. एवढा उशीर का? आमच्या मते कारण यंत्रविद्येचे नाही. जोवर हमाल स्वस्त होता, तोवर पेटीचे ओझे तिच्या मालकाला कळतच नव्हते; आणि पुरुषाने पेटी उचलावी, ओढू नये, असा खोटा अभिमानही होताच. ओझे स्वतःच्या खांद्यावर आले तेव्हाच चाक आठवले.

गेल्या काही दशकांत तपासणीने पेहरावावर आणखी बंधने आणली. विमाने पळवून नेण्याचे प्रकार वाढल्यावर १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक उतारूची झडती सुरू झाली. डिसेंबर २००१ मध्ये एकाने बुटात स्फोटके लपवून आणली, म्हणून जगाला बूट काढावे लागले. ऑगस्ट २००६ मध्ये पातळ पदार्थांतून स्फोट घडविण्याचा कट उघडकीस आला, म्हणून हातपिशवीतील बाटलीला १०० मिलिलीटरची मर्यादा आली. नव्या यंत्रांमुळे काही ठिकाणी हे नियम सैल होत आहेत. तरी सुटसुटीत जोडे, कमी धातू आणि चटकन उघडता येईल अशी पिशवी, हे शहाणपण कायमचे आहे.

आणि आता शेवटचा, सर्वांत गंभीर मुद्दा. २ जानेवारी २०२४ रोजी संध्याकाळी तोक्योच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान उतरता उतरता तटरक्षक दलाच्या एका विमानावर आदळले. भूकंपग्रस्तांसाठी मदत नेण्यास निघालेल्या त्या लहान विमानातील सहांपैकी पाच जण मृत्यू पावले. मोठ्या विमानात ३७९ माणसे होती. आग पेटलेली, ध्वनिक्षेपक बंद पडलेला, दरवाज्यांपैकी तीनच वापरण्याजोगे. तरीही ३७९ च्या ३७९ माणसे जिवंत बाहेर पडली. त्यांनी पेट्या मागे ठेवल्या, हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. नव्या विमानाची परीक्षा घेताना, निम्मेच दरवाजे उघडून ९० सेकंदांत सर्वांना बाहेर काढता आले पाहिजे असा दंडक आहे; त्या हिशेबात वरच्या फळीवरील पेटी काढण्यास एकही सेकंद धरलेला नाही. आपण थांबलो, की आपल्या मागचा माणूस जळतो. ते विमान पुढे राख झाले. जानेवारीच्या थंडीत धावपट्टीवर उभ्या राहिलेल्या त्या लोकांजवळ अंगावरच्या कपड्यांवाचून फारसे काही नव्हते.

या प्रसंगाकडे पाहिले म्हणजे काय घालावे आणि काय बांधावे याचा निर्णय सोपा होतो. अंगावर सैल, शक्यतो सुती वा लोकरी कपडे घालावेत. कृत्रिम धागा आगीत वितळून कातडीला चिकटतो. पायांत धावता येईल असा जोडा असावा. पारपत्र, औषधे, चष्मा आणि जवळच्या माणसांचे पत्ते हे खिशात किंवा कमरेला असावे. हातपिशवीत एक शाल, एक बदलावयाचा कपडा, आणि मोबाइलची सुटी बॅटरी असल्यास तीही येथेच, कारण कोठारात ती पेटल्यास विझविणारे कोणी नसते. बाकी सारे कोठारात. आणि बांधताना प्रत्येक वस्तूला विचारावे, की हिच्यावाचून मी विमानातून उतरू शकेन ना? वळकटी घेऊन निघणाऱ्या आपल्या पूर्वजांना हा प्रश्न कधी पडला नाही, कारण त्यांची गाडी जमिनीवरून चालत होती. आपली चालत नाही, एवढे ध्यानात ठेवून पेटी भरावी, इतकेच सांगून हे विवेचन पुरे करतो.